भट्टी कोल्हापुरात, धूर चंद्रपुरात: आर्थिक जटिलता, ऊर्जा आणि पर्यावरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवघड वस्तू बनवायला शिकलेला देश स्वच्छ होतो की आणखी घाण करतो? हा प्रश्न वर्गात विचारला जातो, कारखान्यात विचारला जातो आणि लग्नाच्या पंगतीतही निघतो. पंगतीत त्याचं रूप असं असतं: "जपानमध्ये बघा कसं चकाचक, आपल्याकडेच असं का?" खालची बरीचशी उत्तरं कोल्हापूरच्या ओतकाम धंद्याच्या आधाराने दिली आहेत. एक टन बीड वितळवायला किती ऊर्जा लागते हे कुणालाही मोजता येतं, म्हणून. (बीड म्हणजे इथे ओतीव लोखंड, जिल्हा नव्हे.)

आर्थिक जटिलता म्हणजे श्रीमंतीच ना?

नाही. एखाद्या समाजाला किती तऱ्हेच्या वस्तू बनवता येतात आणि त्यातल्या किती वस्तू इतरांना सहसा जमत नाहीत, याचं हे माप आहे. सेझार हिडाल्गो आणि रिकार्डो हाउसमन यांनी ते २००९ मध्ये मांडलं. चहाची टपरी कुठल्याही नाक्यावर टाकता येते. इंजिनाचा ब्लॉक ओतायला मात्र पॅटर्न म्हणजे साच्याचा नमुना करणारा सुतार लागतो, वाळूची नस ओळखून साचे भरणारा मोल्डर लागतो, धातूचं रसायन सांभाळणारा माणूस लागतो, मशीनशॉप लागतं आणि उधारीवर माल देणारा व्यापारीही लागतो. एवढी माणसं एका गावात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असणं म्हणजे जटिलता.

ऑस्ट्रेलिया श्रीमंत आहे, पण त्याची निर्यात मुख्यतः लोहखनिज, कोळसा आणि वायू. त्यामुळे या मोजणीत तो बराच खाली जातो. दक्षिण कोरियाच्या जमिनीत फारसं काही नाही, तरी तो जपान, स्वित्झर्लंड, सिंगापूर, जर्मनी यांच्या बरोबरीने वरच्या रांगेत असतो. भारत साधारण चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास घुटमळतो.

कोल्हापूरच्या उदाहरणात हे जास्त स्पष्ट दिसतं. उसाला पाणी हवं होतं, पाण्यासाठी ऑइल इंजिन हवं होतं, आणि इंजिनाच्या दुरुस्तीतून ते इथेच ओतायला आणि जोडायला सुरुवात झाली. पुढे शेतीपंपांसाठी वीज आली, ऑइल इंजिनाची मागणी ओसरली, पण हाताला आलेलं ओतकाम गेलं नाही. ते ट्रॅक्टर, ट्रक, व्हॉल्व्ह, पंप यांच्या सुट्या भागांकडे वळलं. एक वस्तू जमली की तिच्या शेजारची वस्तू जमते, हाच या सिद्धांताचा गाभा. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीतल्या मिस्त्रींना तो कुणी शिकवला नव्हता.

हे मोजतात कसं?

निर्यातीच्या आकड्यांवरून. कुठला देश कोणत्या वस्तू जगाच्या सरासरीपेक्षा जास्त प्रमाणात विकतो ते बघायचं. मग तीच वस्तू आणखी कोण विकतं, आणि ते विकणारे आणखी काय-काय विकतात, हे बघायचं. ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. हिरे थोडेच देश विकतात, पण बोत्स्वानाकडे हिरे आहेत ते जमिनीच्या कृपेने, आणि बाकीची निर्यात तुटपुंजी आहे. अशी दुर्मीळता इथे मोजली जात नाही.

मूळ निर्देशांकात फक्त वस्तू धरतात, सेवा धरत नाहीत. म्हणजे हिंजवडीत बसून लिहिलेलं सॉफ्टवेअर या हिशेबात नाहीच. भारताचा क्रमांक वाचताना हे लक्षात ठेवावं.

मुद्द्यावर येऊ. जटिलता वाढली की प्रदूषण घटतं की वाढतं?

दोन्ही होतं, आणि एकाच वेळी होतं. अर्थशास्त्रज्ञ याची तीन भागांत फोड करतात. १९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार कराराच्या चर्चेत ही फोड वापरली, तेव्हापासून ती रूढ आहे. पहिला भाग व्यापाचा: जास्त बनवलं की जास्त जाळलं. दुसरा घडणीचा: सिमेंटऐवजी औषधं बनवली तर रुपयामागे धूर कमी. तिसरा तंत्राचा: तीच वस्तू कमी इंधनात निघाली. व्याप धूर वाढवतो, तंत्र सहसा तो कमी करतं, आणि घडण कुठल्या बाजूला झुकेल हे त्या देशाच्या निवडीवर ठरतं. जटिलता तिन्ही भागांना एकदम हात घालते.

म्हणूनच यावरचे शोधनिबंध एकमेकांशी जुळत नाहीत. फ्रान्सवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात दीर्घकाळात जटिलतेने कार्बन उत्सर्जन घटवल्याचं दिसलं. युरोपीय संघातल्या २५ देशांवरच्या २०१९ च्या अभ्यासात उलटा 'यू' दिसला, म्हणजे आधी चढण आणि मग उतार. विकसनशील देशांवरच्या कित्येक अभ्यासांत नुसती चढणच दिसते.

फ्रान्सच्या निकालावर मात्र माझी एक शंका आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्रान्सने १९७४ मध्ये अणुवीजेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, आणि १९९० च्या सुमारास त्याची सुमारे तीन चतुर्थांश वीज अणुभट्ट्यांतून येऊ लागली. त्याच काळात तिथे विमानं, औषधं, आगगाड्या बनत होत्या. मग धूर जटिलतेने कमी केला की बटणामागच्या विजेने? संख्याशास्त्राची गाळणी कितीही बारीक घेतली तरी हे दोन धागे वेगळे करणं सोपं नाही. माझ्या मते विजेचा वाटा मोठा आहे. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

ऊर्जेचा स्रोत एवढा महत्त्वाचा कसा? एक ठोस उदाहरण द्या.

एक टन बीड वितळवू.

जुनी पद्धत क्युपोलाची. उभी नळकांड्यासारखी भट्टी, आत कोकचा (म्हणजे भाजून घेतलेल्या दगडी कोळशाचा) थर, मग लोखंड आणि चुनखडी, पुन्हा कोक, खालून हवेचा झोत. टनामागे साधारण १२० ते १५० किलो कोक लागतो. भट्टी नीट चालवली नाही तर जास्त. आपल्याकडच्या कोकमध्ये राख बरीच असते, तेव्हा त्यातला कार्बन ८० टक्के धरू. म्हणजे ९६ ते १२० किलो कार्बन. कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो तेव्हा त्याचं वजन ३.६७ पट होतं. हिशेब आला ३५० ते ४४० किलो.

आता इंडक्शन भट्टी. ज्वाला नाही, चिमणीतून काळा लोट नाही. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज जाते आणि आतलं लोखंड स्वतःच तापून वितळतं. टनाला साधारण ६०० युनिट धरा. भारतातल्या ग्रिडची, म्हणजे सगळ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याची, एक युनिट वीज सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. ६०० गुणिले ०.७ म्हणजे ४२० किलो.

आकडे पुन्हा बघा. नवी, महाग, अधिक जटिल भट्टी. तिच्यातून निघणारं कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, जास्त दर्जेदार, रसायनाचा ताबा उत्तम. पण कार्बनचा हिशेब जवळपास तिथल्या तिथे. कारण कोळशातली उष्णता वीज होता होता तिच्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग वीजकेंद्रातच वाया जातो. धूर संपला नाही, तो कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीतून उठून कोळशाच्या वीजकेंद्रात गेला.

तीच भट्टी, तोच मिस्त्री, तोच साचा फ्रान्समध्ये नेऊन ठेवला तर? तिथली वीज युनिटमागे ०.०५ किलोच्या आसपास. टनाला ३० किलो. बनवणाऱ्याची हुशारी दोन्हीकडे एकच आहे. १४ पटींचा फरक बटणामागे आहे.

(कोक बनवतानाचं उत्सर्जन आणि तारांमधली वीजगळती या हिशेबात धरलेली नाही. धरली तर दोन्ही पारडी थोडी जड होतील.)

कोल्हापूरला तर कोयनेची वीज येते. मग कोळशाचा संबंध काय?

हा प्रश्न इकडे हमखास येतो, आणि तो बरोबरही वाटतो. कोयना इथून हाकेच्या अंतरावर, कोळसा पार विदर्भात. पण ग्रिड म्हणजे एकच तळं. कुणी कुठून ओतलं आणि कुणी कुठून उपसलं याला नावं चिकटवता येत नाहीत.

शिवाय कोयनेची १,९६० मेगावॅट क्षमता चोवीस तास चालवायची नसते. वीज बनवून झालेलं तिचं पाणी पश्चिमेला, कोकणात उतरतं. कृष्णा खोऱ्यातून असं पाणी किती वळवायचं याला कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे कोयना संध्याकाळच्या मागणीच्या शिखरासाठी राखून वापरतात. तुमच्या कारखान्यात उद्या नवी इंडक्शन भट्टी बसली तर धरणातलं पाणी त्यासाठी वाढणार नाही. वाढीव युनिटं चंद्रपूर, कोराडी, तिरोडा अशा कुठल्यातरी कोळशाच्या संचातून येतील.

मग क्युपोला बदलून फायदा काय झाला?

फायदा मोठा झाला, फक्त तो कार्बनचा नाही. क्युपोलाजवळ काम करणाऱ्याच्या आणि शेजारच्या वस्तीच्या छातीत जाणारी राख, गंधकाचा वायू आणि कार्बन मोनॉक्साइड हे सगळं कमी झालं. यासाठी एवढा खर्च करणं योग्यच होतं.

दुसरं असं की कोक कधीच स्वच्छ होणार नाही, वीज होऊ शकते. ग्रिडचा आकडा ०.७ वरून ०.३५ वर आला तर भट्टीला हातही न लावता टनामागचे ४२० किलो २१० होतील. क्युपोलात हे शक्य नाही, तिथे फार तर दुहेरी झोताची रचना करून कोक वाचवता येतो. म्हणजे इंडक्शन भट्टी घेणाऱ्याने स्वच्छ होण्याची शक्यता विकत घेतली. ती फळाला आणणं त्याच्या हातात नाही.

पण निम्मी वीज आता सौर, पवन वगैरे झाली असं वाचलं.

निम्मी वीज नव्हे, निम्मी क्षमता. २०२५ च्या मध्यावर देशातल्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला, हे खरं. पण सौर पॅनेल रात्री झोपतं आणि ढगाळ दिवशी डुलक्या घेतं. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे. मेगावॅट म्हणजे टाकीचा आकार आणि युनिट म्हणजे टाकीत प्रत्यक्ष आलेलं पाणी. बातम्यांच्या मथळ्यांत बहुतेक वेळा टाकीच मोजलेली असते.

जटिल अर्थव्यवस्था श्रीमंत होते आणि मग आपोआप स्वच्छ होते, असं म्हणतात. खरं का?

'आपोआप' हा शब्द सोडून बाकीचं काही ठिकाणी खरं ठरलं आहे.

सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये विषमतेबद्दल एक कल्पना मांडली होती, की ती विकासासोबत आधी वाढते आणि मग घटते. पुढे इतरांनी ती प्रदूषणाला लावली. त्यातून तो प्रसिद्ध उलटा 'यू' आला आणि एक सोयीचा समज पसरला: आता थोडी घाण सहन करा, उत्पन्न वाढलं की सगळं ठीक होईल.

जपानचं उदाहरण त्यासाठी हटकून देतात, तेव्हा योक्काइची आठवावं. १९६० च्या दशकात तिथल्या पेट्रोकेमिकल संकुलाच्या धुराने माणसांना दम्याने गाठलं. आजाराला गावाचंच नाव पडलं. रहिवाशांनी १९६७ मध्ये कंपन्यांवर दावा लावला आणि १९७२ मध्ये तो जिंकला. मधल्या काळात, १९७० च्या अखेरीस, जपानच्या संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणाविरुद्धचे १४ कायदे केले. पंगतीतलं ते चकाचक जपान दवाखान्याच्या रांगेतून आणि कोर्टाच्या पायऱ्यांवरून आलं आहे. कोरियातही ओनसानच्या औद्योगिक पट्ट्यात १९८० च्या दशकात लोक जड धातूंच्या प्रदूषणाने आजारी पडले, तेव्हा त्या देशाची निर्यात आणि जटिलता जोमात वाढत होती.

आपल्याकडचं उदाहरण आग्र्याचं. ताजमहालाभोवतीच्या पट्ट्यातल्या २९२ कारखान्यांना, त्यात ओतशाळाही होत्या, सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ च्या निकालात कोळसा-कोक सोडा आणि नैसर्गिक वायूवर या, नाहीतर दुसरीकडे जा, असं सांगितलं. आग्र्याचं उत्पन्न वक्राच्या शिखरावर पोचलं म्हणून हे घडलं नाही. संगमरवर पिवळा पडतोय हे दिसलं आणि एका वकिलाने याचिका केली, म्हणून घडलं. फुप्फुसं पिवळी पडलेली बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे बाकीच्या गावांना असा निकाल लवकर मिळत नाही.

मग जटिलतेचा काही उपयोगच नाही का? आहे. वायूची भट्टी, धूर धुणारी यंत्रणा, मोजणारी उपकरणं हे बनवणारे हात जटिल अर्थव्यवस्थेतच सापडतात. कायदा झाल्यावर तो पाळायला ती मदत करते. तो करायला भाग मात्र पाडत नाही.

कमी विजेत जास्त काम व्हायला लागलं तर एकूण वीज कमी लागेल ना?

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल उलटंच सांगून ठेवलं. वाफेचं इंजिन जसजसं काटकसरी झालं तसतसा कोळसा जास्त जळला, कारण स्वस्त पडणारं इंजिन आणखी शंभर ठिकाणी बसलं.

भारताचे आकडे बघा. सरकारी अहवालांनुसार २००५ ते २०१९ या काळात आपल्या जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन ३३ टक्क्यांनी घटलं. ही खरी कमाई आहे, तिला हिणवण्याचं कारण नाही. पण देशाचं कोळसा उत्पादन २००५-०६ मध्ये सुमारे ४० कोटी टन होतं, ते २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या वर गेलं. रुपयामागे धूर घटला, रुपये त्याहून वेगाने वाढले. हवेला रुपये कळत नाहीत, तिला टन कळतात.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २ टनांच्या आसपास आहे, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, आणि अमेरिका १४ टनांच्या घरात. ज्या घरात आत्ता कुठे फ्रीज आला, त्याला जेव्हन्स वाचून दाखवणं बरं दिसत नाही.

युरोपातले काही देश तर जटिलही आहेत आणि स्वच्छही. त्यांना कसं जमलं?

थोडं विजेमुळे, थोडं कायद्यामुळे, आणि थोडं मोजण्याच्या पद्धतीमुळे. स्वित्झर्लंडची वीज मुख्यतः पाण्याची आणि अणूची, त्यामुळे देशाच्या हद्दीतलं दरडोई उत्सर्जन ४ टनांच्या आसपास दिसतं. पण स्विस घरातली गाडी, फोन, कपडे, कपाटाचं पोलाद हे दुसरीकडे कुठेतरी बनतं. तो धूर त्यांच्या खात्यावर टाकला की आकडा दोन-तीन पट होतो. अवघड, शेवटचं, जास्त पैशाचं काम आपल्याकडे ठेवायचं आणि भट्टीचं काम बाहेर द्यायचं, असाही जटिलतेचा एक अर्थ आहे. कोल्हापूरची कास्टिंग युरोपात जातात तेव्हा त्या भट्टीचा धूर भारताच्या वहीत राहतो.

त्यावरच युरोपने कार्बन कर आणलाय ना? तो आपल्या ओतशाळांना लागू होतो का?

काहींना होतो. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सक्तीचं केलं आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन असे सहा गट त्यात आहेत. बिडाचे पाइप आणि पाइपची फिटिंग यादीत आहेत. इंजिनाचा किंवा पंपाचा सुटा भाग यंत्राच्या शीर्षकाखाली जातो, तो सुरुवातीच्या यादीत नाही. यादी वाढवण्याची बोलणी चालू असतात, म्हणून निर्यात करणाऱ्याने आपल्या मालाचा आठ आकडी सीमाशुल्क कोड आत्ताच तपासून ठेवावा.

यातली गंमत मात्र ऐकण्यासारखी आहे. लोखंड-पोलादासाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन धरतात, विजेमागचं धरत नाहीत. म्हणजे क्युपोलावाल्याचा कोक मोजला जाईल आणि इंडक्शनवाल्याच्या विजेमागचा कोळसा नाही. वर आपण केलेल्या हिशेबात दोघांचे आकडे जवळपास सारखे होते. कागदावर मात्र एक काळा आणि एक गोरा. इंडक्शनवाल्यांनी यावर खूश व्हायला हरकत नाही, पण नियम बदलले की वीजबिलं काढून बसावं लागेल. सिमेंट आणि खतांसाठी विजेमागचं उत्सर्जन आजही धरलं जातं.

शाश्वतता म्हणजे फक्त कार्बनच का?

नाही, पण कार्बन मोजायला सोपा, म्हणून सगळे तोच मोजतात. त्याला पर्याय म्हणून 'पर्यावरणीय ठसा' वापरतात. माणसांच्या गरजांसाठी आणि त्यांचा कार्बन शोषायला किती सुपीक जमीन आणि पाणी लागेल याचा तो अंदाज असतो. निसर्गाकडे असलेली क्षमता भागिले हा ठसा केला की येतो भारक्षमता गुणक. तो एकच्या खाली गेला की आपण व्याजावर न भागवता मुद्दलाला हात घातला असं समजावं. दरडोई ठसा जगाच्या सरासरीहून बराच कमी असूनही भारताचा गुणक अर्ध्याच्याही खाली आहे, कारण माणसं जास्त आणि वाट्याला येणारी जमीन कमी.

पण या मापातही ओतशाळेची जळकी काळी वाळू दिसत नाही, जी कुठल्यातरी ओढ्याकाठी टाकलेली असते. इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचं रंगीत पाणी आणि त्याने हैराण झालेली पंचगंगाही दिसत नाही. एका आकड्यात नदी मावत नाही.

सौर पॅनेलंही कोळशाच्या विजेवरच बनतात म्हणे. मग उपयोग काय?

बनतात, हे खरं. पॅनेल निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे आणि तिथल्या ग्रिडवर कोळसा भरपूर. पण चांगल्या उन्हात पॅनेल ते कर्ज साधारण वर्षभरात किंवा त्याआधीच फेडतं आणि पुढे २५ वर्षं काम करतं. कोळशाच्या संचाला हे कर्ज कधीच फेडता येत नाही. हा आक्षेप इथे संपतो.

महाराष्ट्रातच धूर कुणी करायचा आणि वस्तू कुणी बनवायची, अशी वाटणी झाली आहे का?

झाली आहे, आणि स्वित्झर्लंडची गोष्ट वाचून नाक मुरडण्याआधी आपण ती बघावी. अवघड वस्तू बनतात त्या पुणे-चाकण, मुंबई-ठाणे, नाशिक, कोल्हापूर, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात. कोळशाची वीज बनते ती मुख्यतः विदर्भात. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र एकटं २,९२० मेगावॅटचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले आणि ते देशात पहिल्या पाचांत आलं. अशा परीक्षेत पहिलं येण्यासाठी कुणी क्लास लावत नाही.

तारा ७००-८०० किलोमीटर वीज वाहून नेतात. राख, धूर आणि खाणीची धूळ मात्र तिथेच राहते. पुण्यात बनलेल्या गाडीचं मूल्य पुण्याच्या जटिलतेत मोजलं जातं, तिच्यासाठी जळलेला कोळसा चंद्रपूरच्या हवेत. जिल्हानिहाय जटिलता आणि जिल्हानिहाय धूर एका नकाशावर शेजारी छापायला हवेत, असं मला फार दिवस वाटतं.

कारखानदाराने आज, या वर्षी, नेमकं काय करायचं?

सगळ्यात स्वस्त उपाय भट्टीचं झाकण. ते उघडं ठेवून धातू तापत ठेवणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून एसी लावण्यासारखं, पण कित्येक ठिकाणी ते उघडंच असतं. मग नाकारल्या जाणाऱ्या कास्टिंगचं प्रमाण. शंभरातली आठ कास्टिंग रिजेक्ट झाली तर आठांची वीज दोनदा लागली, आणि ती कुठल्याच पर्यावरण अहवालात दिसत नाही. चांगला मोल्डर टिकवून ठेवणं हा ऊर्जा बचतीचाच उपाय आहे.

छपरावर सौर पॅनेल जरूर लावावं, पण त्याच्याकडून भट्टी चालण्याची अपेक्षा धरू नये. मोठ्या भट्टीच्या मागणीपुढे शेडचं छप्पर लहान पडतं. त्याने मशीनशॉप, कॉम्प्रेसर, दिवे निघतात. भट्टीसाठी ग्रिडमधून सौर किंवा पवन वीज करारावर घेण्याचा मार्ग मोठ्यांना खुला आहे. लहानांनी एकत्र येऊन तो गाठावा लागतो.

आणि रात्रीची पाळी? दिवसा भट्टी लावली तर खरंच फरक पडतो?

पडतो. वर्षानुवर्षं रात्रीच्या विजेला सवलत होती, म्हणून ओतशाळा रात्री भट्टी लावत आल्या. घरं, दुकानं बंद असताना कोळशाचे संच रिकामे चालू नयेत, हा त्यामागचा हिशेब. आता ऊन असताना सौर वीज उतू जाते आणि संध्याकाळी ओढाताण होते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांतला दर नेहमीच्या दराहून किमान २० टक्के कमी आणि शिखर तासांतला दर जास्त ठेवायला सांगितलं. म्हणजे सवलत रात्रीतून दुपारकडे सरकते आहे. दुपारी वितळवलेल्या टनामागचा कोळसा रात्रीच्या टनापेक्षा कमी असतो.

अडचण वेगळी आहे. वितळलेलं बीड १,४०० अंशांच्या वर असतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता त्यासमोर लॅडल (वितळलेला धातू ओतायचं पात्र) धरून उभं राहणारा माणूस रात्रीच्या पाळीला राजी असतो तो भत्त्यासाठीच नव्हे. काही ठिकाणी यावर पाळी पहाटेकडे ओढून वितळवणं सकाळी नऊ ते बारात उरकायचं आणि उरलेली दुपार साचे भरायला ठेवायची, असा मेळ घालता येतो. तेवढ्यासाठी सकाळी सहाची एसटी कामगारांच्या गावाला वेळेवर पोचायला हवी.